पाणी खिडकीतून येतंय की भिंतीतून?

डोंबिवलीच्या एका वाचकांचं चार पानी पत्र आलं आहे. ओळख पटेल असा तपशील गाळून त्याचा गाभा इथे देते.

‘आमची इमारत १९८९ची. तिसऱ्या मजल्यावर मी, पत्नी, यंदा दहावीत गेलेली मुलगी आणि ७६ वर्षांची आई. घराला पाच खिडक्या, सगळ्या मूळच्या. सागवानी चौकट, काचेच्या झडपा, आत गज. हॉलची खिडकी पश्चिमेला आहे. दर पावसाळ्यात तिथून पाणी येतं, कट्ट्याखालच्या भिंतीचे पोपडे निघतात, पत्नी रात्री उठून फडकी बदलते. आमच्या बेडरूमच्या झडपा जूनमध्ये फुगतात त्या दसऱ्यापर्यंत नीट लागत नाहीत. मुलीची खोली रुळांच्या बाजूला, गाड्यांच्या भोंग्यांनी तिचा अभ्यास होत नाही. मजल्यावरच्या दोघांनी यूपीव्हीसीच्या, म्हणजे कडक प्लास्टिकच्या, सरकत्या खिडक्या बसवल्या. त्याच दुकानदाराने आम्हाला पाचही खिडक्यांचे मिळून दोन लाख साठ हजार सांगितले. १५ जूनच्या आत बुकिंग केलं तर दहा टक्के सूट. पत्नी म्हणते, आता करूनच टाकू. मला वाटतं, सोसायटीत सहा वर्षं रीडेव्हलपमेंटचं चाललंय, उद्या इमारत पाडली तर पैसे पाण्यात. आई स्वयंपाकघरातल्या खिडकीशी बसून भाजी निवडते, समोरच्या काकूंशी गप्पा मारते. ती म्हणते, माझ्या खिडकीला हात लावायचा नाही. करावं की थांबावं?’

नमस्कार,

तुमचं पत्र मी दुसऱ्यांदा वाचलं ते पाचवी खिडकी शोधायला. हॉलची, तुमच्या बेडरूमची, मुलीच्या खोलीची आणि स्वयंपाकघरातली, या चारच झाल्या. पाचवी कुठे आहे, तिला काय झालंय, काहीच नाही. चार पानांत जिच्याबद्दल एक तक्रार नाही ती दुकानदाराच्या यादीत मात्र आहे. सरासरी धरली तर बावन्न हजारांना.

यात दुकानदाराचं काही चुकलं असं मी म्हणत नाही. त्याच्या वहीत खिडकी म्हणजे चौरस फूट. तुम्ही मात्र त्या घरात राहता, आणि तुम्हीही ‘करावं की थांबावं’ असं पाचही खिडक्यांना एकाच दावणीला बांधून विचारताय. एकीची तक्रार पाण्याची, दुसरीची फुगण्याची, तिसरीची आवाजाची. चौथी सुखात आहे. तीन दुखण्यांना एकच गोळी कशी चालेल?

पाण्यापासून सुरू करते. तुमच्या घरातला खरा त्रास तोच आहे, आणि मी स्वतः तिथेच फसले आहे. नोकरीची पंचवीस वर्षं मी इमारतींच्या दुरुस्तीच्या कामात घालवली. तरी स्वतःच्या घरी पाणी आलं तेव्हा घाई केली, जुनी खिडकी काढून चकचकीत नवी बसवली. पहिल्याच जुलैत कट्ट्यावर पुन्हा तळं. पाणी खिडकीतून येतच नव्हतं. छज्जा आणि भिंत यांच्या सांध्याला बारीक चीर होती, तिथून शिरून ते भिंतीच्या आतून उतरत चौकटीच्या कडेने बाहेर पडत होतं. नवी खिडकी बिचारी निर्दोष होती. मला लाज वाटली ती माझीच.

आपल्याकडचा पावसाळी वारा नैर्ऋत्येकडून येतो. पाऊस सरळ खाली न पडता पश्चिमेच्या आणि दक्षिणेच्या भिंतींवर तिरका आपटतो. पस्तीस-छत्तीस वर्षांच्या इमारतीत त्या भिंतींच्या गिलाव्याला भेगा नसतील तरच नवल. म्हणून पश्चिमेची खिडकी गळते असं कोणी सांगितलं की मी आधी भिंतीकडे बघते.

तुम्हीही हे घरच्या घरी तपासू शकता. हे छापून येईल तेव्हा मे संपत आला असेल, भिंत कोरडी असेल, म्हणजे वेळ उत्तम. (पाणीकपात असेल तर वापरलेलं पाणी चालेल, भिंतीला सोवळं नसतं.) झडपा घट्ट लावा. एक नळी घ्या आणि सुरुवात खालून करा. वरून सुरू केलं तर पाणी सगळीकडून ओघळतं आणि काहीच कळत नाही. आधी फक्त बाहेरच्या कट्ट्यावर पंधरा-वीस मिनिटं पाणी सोडा आणि एक माणूस आत बसून भिंत बघू दे. काही नाही आलं तर चौकट आणि भिंत यांच्या सांध्यावर. मग झडपांवर आणि काचांवर. सगळ्यात शेवटी छज्जा आणि वरची भिंत. त्यासाठी वरच्या मजल्यावरच्यांना त्यांच्या खिडकीतून नळी सोडायला सांगा. तुम्ही बाहेर वाकू नका, ही कसरत करण्याचं वय तुमचंही नाही नि माझंही नाही. प्रत्येक टप्प्याची वेळ लिहून ठेवा. झडपेच्या फटीतून येणारं पाणी लगेच येतं. भिंतीतून येणारं तासा-दोन तासांनी उगवतं आणि पुढे दोन दिवस ओल जात नाही.

तुम्ही लिहिलंय की पोपडे कट्ट्याखाली निघतात. मला न बघता निदान करायचं नाही, पण माझा पहिला संशय कट्ट्यावर आहे. तुमच्या काळच्या पुष्कळ इमारतींत बाहेरच्या कट्ट्याला उतार दिलेला नसतो, किंवा इमारत बसता बसता तो आतल्या बाजूला झालेला असतो. त्यावर पाणसळ (गवंड्याची लेव्हल) ठेवून पाहा. पाणसळ नसेल तर एक गोटी ठेवा, ती घराकडे आली तर पाणीही घराकडेच येणार. अशा वेळी कट्ट्यावरचा कडप्पा काढून बाहेर उतार देऊन नवा बसवायचा, तो भिंतीच्या दोन-तीन सेंटिमीटर पुढे काढायचा आणि पुढे आलेल्या भागाच्या पोटाला, भिंतीला समांतर, एक लांब खाच मारून घ्यायची. त्या खाचेमुळे पाणी भिंतीला चिकटून मागे न वळता थेंबाथेंबाने खाली पडतं. गवंड्याचं एक-दोन दिवसांचं काम आहे.

आणि दोष बाहेरच्या भिंतीत किंवा छज्जात निघाला, तर तो खर्च तुमच्या एकट्याचा नाही. गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत, म्हणजे सोसायट्यांच्या नमुना नियमावलीत, पावसाच्या पाण्याची गळती ही सोसायटीने करायच्या दुरुस्त्यांमध्ये येते. फोटो, तारीख आणि ही तपासणी जोडून सोसायटीला लेखी पत्र द्या, पोच घ्या. जिन्यात सेक्रेटरींना गाठून तोंडी सांगितलेलं जिन्यातच राहतं.

शेजारच्या दोघांना एवढंच विचारा की नव्या खिडक्यांनंतर एक पूर्ण पावसाळा गेला का, आणि पाणी थांबलं का. डिसेंबरात बसवलेल्या खिडकीची मे महिन्यात कोणीही स्तुती करेल.

आता तुमच्या बेडरूमच्या फुगणाऱ्या झडपा. लाकूड पावसाळ्यात हवेतली ओल पिऊन आडव्या अंगाने फुगतं आणि थंडीत पुन्हा आकसतं. सागवानही त्याला अपवाद नाही, ते फक्त कमी फुगतं. ज्या झडपेचा रंग कडांवरून, खास करून वरच्या आणि खालच्या कडेवरून गेला आहे ती जास्त फुगते, कारण त्या कडांना पुन्हा रंग लावायचं कोणालाच सुचत नाही. जुलैत सुतार बोलावून रंधा मारून घेऊ नका. तेव्हा झडप मस्त बसते आणि जानेवारीत फटीतून वारा घुमायला लागतो. दिवाळीनंतर लाकूड सुकलं की सुतार बोलवा.

त्याआधी एक स्क्रू ड्रायव्हर घेऊन झडपेच्या खालच्या आडव्या पट्टीत आणि चौकटीच्या खालच्या कोपऱ्यांत टोचून पाहा. पाणी तिथेच साठतं, कुजायला सुरुवात तिथूनच होते. टोक आत जात नसेल तर लाकूड धडधाकट आहे. दोन-तीन इंच भाग भुसभुशीत निघाला तर तेवढा कापून नवा तुकडा सांधता येतो, हे काम जाणणारे सुतार अजून आहेत. बिजागऱ्या बदलायच्या, काचांची सुकून तडकलेली लांबी (पुट्टी) खरवडून नवी भरायची, सगळ्या कडांना रंग द्यायचा. पोकळ आवाज येत असेल, मातीच्या वाटा दिसत असतील, तर वाळवी आहे. मग मात्र मोह नको, चौकटीसकट काढा. काही कारागीर जुन्या लाकडी चौकटीच्या आतच नवी खिडकी बसवतात. तोडफोड वाचते हे खरं, पण उघडायची जागा चारी बाजूंनी कमी होते, आणि चौकटीत वाळवी असेल तर ती आत झाकली जाऊन आरामात जेवत राहते.

रंग खरवडण्याबद्दल एक सांगायलाच हवं, कारण हे सुतार किंवा रंगारी सांगणार नाही. घरगुती रंगांत शिशाचं प्रमाण ९० पीपीएमच्या, म्हणजे दहा लाख भागांत ९० भागांच्या, आत ठेवण्याचा नियम आपल्याकडे नोव्हेंबर २०१७पासून लागू झाला. तुमच्या खिडक्यांवरचे खालचे थर त्याच्या कितीतरी आधीचे. कोरडा पॉलिशपेपर मारला तर ती धूळ घरभर होते. पाणी लावून घासायला सांगा, खाली प्लास्टिक अंथरा, त्या दिवशी खोलीचं दार बंद ठेवा. घरात लहान मूल असेल अशा वाचकांनी तर हे मुळीच टाळू नये.

जुन्या खिडक्या काढायच्याच ठरल्या तर सागवान फुकट देऊ नका. ‘भंगार आम्ही घेऊन जाऊ, तुम्हाला त्रास नको’ असं कंत्राटदार फार मायेने म्हणतो. जुन्या सागवानाला जोगेश्वरी-ओशिवऱ्याच्या बाजारात गिऱ्हाईक आहे, म्हणूनच त्याला माया फुटते.

मुलीच्या खोलीचा प्रश्न वेगळा, आणि तिथे मी तुमच्या पत्नींच्या बाजूची आहे. आवाज काचेतून येतो त्याहून जास्त फटींतून येतो. तुमच्या जुन्या झडपांना रबर नाही, त्यामुळे नवी खिडकी तिथे खरंच फरक पाडेल. पण सरकती नको. सरकत्या खिडकीच्या दोन झडपा एकमेकींना घासून जायच्या असतात, म्हणून मध्ये ब्रशसारखी केसाळ पट्टी लावतात, आणि तिच्यातून वाराही येतो नि आवाजही. दाराप्रमाणे उघडणारी, सर्व बाजूंनी रबर दाबून बंद होणारी झडप घ्या. काच लॅमिनेटेड घ्या, म्हणजे दोन काचांमध्ये पारदर्शक थर चिकटवलेली. दुकानदार दुहेरी काच सुचवेल, मध्ये हवेची पोकळी असलेली. ती वाईट नाही, पण तिचा मोठा उपयोग घर गरम किंवा थंड राखायला. आपण आठ महिने खिडक्या उघड्या टाकून राहतो, तिथे तिचे पैसे वसूल व्हायला वेळ लागतो. आणि एक गोष्ट मुलीला आधीच सांगा की ही खिडकी बंद असेल तेव्हाच शांतता देईल. एप्रिलच्या दुपारी ती बंद करून बसायचं तर पंखा पुरेल का, हे तिलाच ठरवू दे.

आईंच्या खिडकीला हात लावू नका. हा हळवेपणा समजू नका. सरकत्या खिडकीत एका वेळी निम्मीच जागा उघडते. दोन झडपा, एक दुसरीमागे जाते. जाळीची तिसरी झडप घेतली तरी उघडी जागा निम्मीच राहते. आज आईंना झडपा सताड उघडून जेवढा वारा नि उजेड मिळतो, समोरच्या काकू जेवढ्या दिसतात, त्याच्या निम्मं मिळेल. स्वयंपाकघरातली वाफ आणि फोडणीचा खकाणाही निम्म्याच वाटेने बाहेर जाईल. ज्या खिडकीची तक्रार नाही आणि जिचा सगळ्यात जास्त वापर आहे, तिला चालू ठेवायचं. डास असतील तर आतून चुंबकाची किंवा वेल्क्रोची जाळी लावा, काम झालं.

आता तुमची अडचण. ‘उद्या इमारत पाडली तर पैसे पाण्यात.’ तुम्ही सहा वर्षं हे म्हणताय. सहा वर्षांत सहा पावसाळे झाले आणि ते सहाही तुमच्या पत्नींनी फडक्यांत पिळले. नवी खिडकी तीन वर्षांत तुटली तर पैसे वाया गेले असं तुम्ही धरता. न घेतलेल्या खिडकीची किंमत मात्र तुम्ही कधी मांडली नाही, कारण ती रात्री दोन वाजता दुसरं कोणीतरी उठून भरतंय. रागावू नका, पण हिशेबाची ती बाजू पत्रात फक्त अर्ध्या ओळीत होती.

पुनर्विकासाचं ‘चाललंय’ यावर काही ठरवता येत नाही, कागद कुठवर आलेत त्यावर ठरवता येतं. शासनाच्या ४ जुलै २०१९च्या निर्देशांनंतर पुनर्विकासाला एकूण सभासदांपैकी ५१ टक्क्यांची संमती लागते. तुमच्या सोसायटीत तो ठराव झालाय का? विकासक ठरलाय का? विकास करारनामा नोंदवला गेलाय का? करारनामा नोंदवला असेल तर एकही नवी खिडकी घेऊ नका, सांधे भरा आणि दिवस काढा. अजून सल्लागाराच्या अहवालावर सभा तहकूब होत असतील, तर निदान तीन-चार वर्षं तुम्ही त्याच घरात आहात असं धरून चाला. मुलीच्या खोलीची खिडकी समजा चाळीस हजारांना पडली आणि चार वर्षं टिकली, तर महिन्याला आठशे तेहेतीस रुपये. दहावीच्या क्लासची फी तुम्हाला माहीत आहेच.

जाता जाता, इमारत तीस वर्षांच्या पुढची आहे, म्हणजे उपविधींप्रमाणे दर तीन वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट व्हायला हवं. झालं असेल तर तो अहवाल मागून घ्या. पश्चिमेच्या भिंतीबद्दल त्यात काही ना काही लिहिलेलं असतंच, आणि तुमच्या गळतीच्या पत्राला त्याने वजन येईल.

म्हणजे माझ्या हिशेबाने या घडीला तुमच्या पाचांपैकी एकच खिडकी बदलायची ठरते, मुलीची. हॉलचा निकाल नळी लावेल. हॉलची झडपच दोषी निघाली तर दोन.

खरेदीचं थोडं सांगते, हे इतर वाचकांनाही लागेल. यूपीव्हीसी की अॅल्युमिनियम हा वाद लोक फार घालतात. यूपीव्हीसी गंजत नाही, वाळवी लागत नाही, रंग द्यावा लागत नाही. अॅल्युमिनियम बारीक पट्ट्यांत भक्कम राहतं, त्यामुळे काच मोठी मिळते. दोन्ही चांगली आहेत आणि दोन्ही वाईट बसवता येतात. यूपीव्हीसी घेणार असाल तर कापलेला तुकडा दाखवायला सांगा. आत गॅल्वनाइज्ड लोखंडी पट्टी हवी, नुसतं पोकळ प्लास्टिक नको. सरकती खिडकी घेणाऱ्यांनी खालच्या रुळाला बाहेरच्या बाजूने पाणी जाणारी भोकं आहेत का ते बघावं. नसली, किंवा बसवणाऱ्याने ती सिलिकॉनने बुजवली, तर रूळ भरतो आणि पुढच्या झोताबरोबर पाणी आत येतं. असली तरी धूळ आणि मेलेल्या डासांनी ती बुजतात, मृगाच्या आधी एकदा काडी फिरवावी. सिलिकॉन लावताना व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर हात थांबवायला सांगा, ते सिमेंटला नीट धरत नाही. बाहेरच्या कामाचं न्यूट्रल सिलिकॉन वेगळं मिळतं.

कोटेशनमध्ये काच किती मिलिमीटरची, जाळी, ग्रिल, कडप्पा, गिलावा, परांची, राडारोडा उचलणं आणि जीएसटी, प्रत्येक गोष्ट धरून की सोडून ते लिहून घ्या. ग्रिल नवी करणार असाल तर तिचा एक भाग आतून उघडणारा ठेवा आणि किल्ली तिथेच टांगा. आग लागली तर बाहेर पडायची ती एकच वाट असू शकते. बाहेरून दिसणारा काही बदल असेल तर सोसायटीची लेखी परवानगी आधी. माप घ्यायला येणारा माणूस रुंदी नि उंची एकाच जागी मोजून निघाला तर त्याला परत बोलवा. जुन्या भिंतीतली भोकं सरळ नसतात. रुंदी तीन ठिकाणी, उंची तीन ठिकाणी आणि दोन्ही कर्ण मोजायला हवेत. टफन्ड काच एकदा बनली की कापता येत नाही, माप चुकलं की ती काच गेलीच. आणि शेवटचे दहा टक्के पैसे नळीची तपासणी झाल्यावर.

राहता राहिली १५ जूनची सूट. पावसाच्या तोंडावर भिंत फोडून घ्यायची, गिलाव्याला सात दिवस पाणी मारायच्या आत पहिली सर झेलायची, यासाठी दहा टक्के फार कमी झाले. खिडक्यांच्या कामाचे दिवस दिवाळीनंतरचे, मार्च उजाडायच्या आतले. एप्रिल-मेमध्ये सगळ्यांनाच पाऊस आठवतो आणि चांगले कारागीर हाती लागत नाहीत. हा पावसाळा हॉलच्या खिडकीवर लक्ष ठेवण्यात घालवा. रात्रीची फडकी या वर्षी तुम्ही बदला, म्हणजे पाणी कुठून कधी येतं तेही कळेल.

दुकानदाराचा फोन येईलच. त्याला म्हणावं, दिवाळी झाली की ये, एका खिडकीचं माप घ्यायला. आणि येताना ओळंबा नि गुण्या घेऊन ये.